माहेरी विचारलेले बारा प्रश्न

आमच्या गल्लीतल्या बायका अधूनमधून माझ्याकडे बीपीची गोळी विचारायला येतात. इतकी वर्षं दवाखान्याच्या आवारात नोकरी करते म्हणजे औषधातलं कळत असणारच, असा त्यांचा समज आहे. मी डॉक्टर नाही. मी संख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे आणि नांदेडच्या एका आरोग्य संशोधन प्रकल्पात प्रश्नावल्या तपासण्याचं काम करते. हे सांगितलं की समोरची बाई "अस्सं" म्हणते आणि गोळीचं नाव पुन्हा विचारते.

माझे मिस्टर वीज मंडळात आहेत. लग्नानंतर त्यांना माझं काम समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझं मीटर भिंतीवर असतं, आकडे पळताना दिसतात. तुझं मीटर कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. वजनाला काटा आहे, साखरेला पट्टी आहे. उदासी, धास्ती, एकटेपणा यांना असं काही नाही. या गोष्टी दिसत नाहीत, त्यांच्या खुणा दिसतात. लेकराला ताप आहे का हे घरात थर्मामीटर नसेल तर आई कसं ओळखते? कपाळाला हात लावते, डोळे बघते, ते खेळतंय की पडून आहे हे बघते. आमची प्रश्नावली तेच करते. झोप लागते का, जेवण जातं का, रडू येतं का, असे दहा-बारा प्रश्न विचारायचे, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे आणि बेरजेवरून आतल्या न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज करायचा.

पण अशी यादी कोणीही करू शकतं. ती खरंच उदासी मोजते की भलतंच काही, हे तपासणं म्हणजे माझी नोकरी. त्यात दोन गोष्टी मुख्य. एक, थोड्या दिवसांनी त्याच माणसाला तेच प्रश्न विचारले तर साधारण तीच बेरीज यायला हवी. याला आम्ही विश्वसनीयता म्हणतो. दुसरी, जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जायला हवं. ही वैधता. पहिली गणिताने लवकर कळते. दुसरीसाठी पायपीट लागते. रोज न चुकता दहा मिनिटं मागे असणारं घड्याळ पहिल्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास होतं आणि दुसरीत नापास होतं, असं मी नव्या मुलींना शिकवते.

परदेशात तयार झालेले प्रश्न आमच्याकडे भाषांतर होऊन येतात आणि पहिल्याच गावात अडखळतात. बिलोलीकडे एका बाईला आम्ही विचारलं, "पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आता आवडेनाशा झाल्यात का?" ती हसायला लागली. म्हणाली, "मला काय आवडतं ते आजवर कोनी इचारलंच न्हाई. तुम्हीच पहिल्या इचारून राहिल्या." दुसरीला विचारलं, एकटं वाटतं का? त्या घरात अकरा माणसं होती आणि दोन खोल्या. ती म्हणाली, "बाई, एकटं व्हायला जागा कुठाय?" असे प्रश्न आम्ही बदलतो, पुन्हा विचारतो, पुन्हा बदलतो. वर्ष जातं. लोकांना वाटतं, बारा प्रश्न लिहायला वर्ष कशाला?

मी सांगणार आहे ती गोष्ट अशाच बारा प्रश्नांची आहे.

बाळंतपणानंतर काही बायकांना उदासी घेरते. नुसता थकवा नव्हे, आजार. तो वेळीच ओळखला तर औषधाने बरा होतो. ओळखला नाही तर फार वाईट होऊ शकतं. आमच्या प्रकल्पाला नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांसाठी एक छोटी प्रश्नावली तयार करायची होती. ती मंजूर झाली की गावोगावच्या आशाताई ती विचारणार, ठरावीक बेरजेच्या वर जी बाई जाईल तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवणार आणि खाली असेल तिच्या नावापुढे 'ठीक' लिहिणार. म्हणजे आमची प्रश्नावली जिला चुकून 'ठीक' म्हणेल तिच्याकडे नंतर कोणी बघणार नव्हतं.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. जाधव. शिस्तीचे, थोडे तापट, पण ऐकून घेणारे. नांदेडला घरोघर जाऊन प्रश्न विचारायचं काम शाहीनकडे होतं. ती देगलूर नाक्याकडची, वडिलांचं शिलाईचं दुकान. बाईच्या शेजारी बसून पहिली पाच मिनिटं लेकराचंच कौतुक करायची तिची पद्धत. लातूरला तिच्याच तोडीच्या दोन मुली होत्या.

लातूरचे आकडे आधी आले. पहिली भेट आणि दोन आठवड्यांनंतरची दुसरी भेट यांचा मेळ इतका सुरेख होता की मी तो आलेख जाधव सरांना दाखवायला स्वतः वरच्या मजल्यावर गेले. नांदेडचे आकडे आले तेव्हा गेले नाही. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीचा काही ताळमेळच नव्हता. बऱ्याच बायकांची बेरीज दुसऱ्या वेळी वाढली होती, काहींची तर एकदम.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि तिसऱ्या महिन्यात बाळ-बाळंतिणीला सासरी पाठवतात. लातूरला काम वेळेवर सुरू झालं होतं. तिथल्या मुलींनी बायकांना लेकराच्या दीड महिन्याच्या डोसाच्या सुमारास गाठलं, त्यामुळे दोन्ही भेटी माहेरी झाल्या. नांदेडला आम्ही उशिरा सुरू केलं, अडीच महिन्यांच्या डोसापासून. पहिली भेट माहेरी झाली आणि दुसरीच्या वेळेपर्यंत बाई सासरी पोचलेली.

जाधव सर म्हणाले, "सासुरवास, दुसरं काय? माहेरी आराम होता, सासरी गेल्यावर कामाला जुंपली. बेरीज वाढणारच. ज्यांची जागा बदलली त्यांना हिशेबातून काढा. उरलेल्यांचा मेळ बसतोय ना?"

बसत होता. नियमालाही धरून होतं. माणसाची परिस्थितीच बदलली तर दोन मोजमापांची तुलना करत नाहीत. मीही तेच करणार होते.

नांदेडच्या काही दुसऱ्या भेटी अजून उरल्या होत्या. त्याच आठवड्यात शाहीनचा उमरीहून फोन आला.

"मॅडम, फॉर्म उद्या देते. पन हिला आजच डॉक्टरला दाखवावं लागतंय."

ही म्हणजे सारिका. माहेर अर्धापूरजवळ, वडिलांची केळीची बाग. सासर उमरी तालुक्यात. माहेरच्या भेटीत तिची बेरीज जवळजवळ शून्य होती. सासरी ती सर्वांत वरच्या गटात गेली होती आणि शेवटच्या प्रश्नाला, जो जीव नकोसा होण्याबद्दल असतो, तिने "हाव", म्हणजे हो, म्हटलं होतं. असं उत्तर आलं की बेरजेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर, हा आमचा नियम. शाहीन तिला, तिच्या नवऱ्याला आणि सासूला घेऊन संध्याकाळपर्यंत नांदेडला आली. औषध सुरू झालं.

महिन्याभराने मी शाहीनबरोबर उमरीला गेले. मनात सासूचं एक चित्र ठरवूनच गेले होते. प्रत्यक्षात ती बाई ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती आणि सारिका आत झोपली होती.

"उठवू नका," सासू म्हणाली. "गोळीनं झोप लागून राहिली तिला. लई दिवसांनी."

तिने आमच्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "तुमच्या हापिसात काय म्हनतेत? सासूनं छळलं म्हनतेत ना?"

शाहीन म्हणाली, "मावशी, तसं काही न्हाई."

"हायच तसं. डॉक्टरबी माझ्याकडंच बघून राहिले होते. आता ती उठली की तिलाच इचारा. मी जाते गोठ्याकडं."

सारिका उठली. चेहऱ्यावर झोप होती, पण बोलणं स्वच्छ होतं. मी विचारलं, हे इकडे आल्यावर सुरू झालं का?

"न्हाई. तिकडंच सुरू झालं. बारशाच्या आधीपासून."

शाहीन तिच्याकडे बघतच राहिली. "अगं मंग मला काहून न्हाई सांगितलं? मी तर तुझ्या शेजारी बसून इचारलं."

"आई होती ना तिथं."

"आई रागावली असती?"

"रागावली नसती, ताई. रडली असती." "तिनं दोन महिने पाठ टेकली न्हाई. पहाटं उठून पानी तापवायची, शेगडी करायची, खीर, लाडू, मालिशवाली. सारं माझ्यासाठी. आन मी म्हनू, मला रडू येतं? जेवन जात न्हाई? म्हंजे तिचं केलेलं वाया गेलं ना. आन ते हिकडं कळलं असतं तर म्हनले असते, पोरीचं बाळंतपन नीट केलं न्हाई."

"कोण म्हणालं असतं?" मी विचारलं.

सासू गोठ्याकडे गेलीच नव्हती. दाराआडून तिचा आवाज आला. "मी म्हनले असते! खोटं काहून बोलू? माझ्या सासूनं माझ्या आईला म्हनलं होतं. चार मान्सांत."

सारिका हसली. ती हसलेली मी तेव्हाच पाहिली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये शाहीन म्हणाली, "मॅडम, आमच्यातबी चाळीस दिवस माहेरीच असतेत. आमच्या आपाला, थोरल्या बहिणीला, कोनी इचारलं असतं तर तीबी हेच बोलली असती. अम्मीसमोर कोन बोलंल?" मी हो म्हटलं, पण माझं लक्ष लातूरमध्ये होतं.

सारिकाच्या घरी जे कळलं त्याचा अर्थ फक्त सारिकापुरता नव्हता. माहेरचं बाळंतपण ही आईची जबाबदारी असते आणि तिची परीक्षाही. बाळंतिणीची तब्येत म्हणजे आईचा निकाल. तिथे बसून मुलीला "तू ठीक आहेस का" विचारणं म्हणजे "तुझ्या आईने नीट केलं का" हे विचारणं. मग ती एकच उत्तर देणार. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं तरी तेच देणार. लातूरचा मेळ म्हणून इतका सुरेख होता. दोन्ही वेळा त्या मुलींनी आईची अब्रू राखली होती आणि मी तिला विश्वसनीयता म्हणत होते.

आणि सासरी बेरीज वाढलेल्या सगळ्याच बायका सासरी आल्यामुळे आजारी पडल्या होत्या, असं आता म्हणता येत नव्हतं. काही पडल्याही असतील. पण काहींनी पहिल्यांदा खरं सांगितलं होतं. त्यांनाच मी हिशेबातून काढायला निघाले होते.

मी जाधव सरांकडे गेले. अहवाल पाठवायची तारीख जवळ आली होती, त्यामुळे त्यांचा मूड कसा असेल हे माहीत होतं.

"एका बाईवरून?" ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही आकड्यांच्या. तुम्ही एका बाईवरून बोलता?"

"एका बाईवरून शंका आली, सर. तपासायला लातूरला पुन्हा जावं लागेल."

"लातूरचा आकडा तर उत्तम आहे. तुम्हीच दाखवायला आला होतात."

"हो. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं म्हणून उत्तम आहे. दोन्ही वेळा खोटं असेल तरी तो एवढाच उत्तम येईल."

"शेवटच्या टप्प्यात मानसोपचाराचे डॉक्टर तपासणार आहेतच. तेव्हा कळेल."

"त्या तपासणीलाही ती आईबरोबरच येणार, सर."

ते खुर्चीत मागे टेकले. पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "ही प्रश्नावली अशीच गेली तर आशाताई विचारणार कुठे?"

"माहेरीच. दीड महिन्याच्या डोसाला."

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "एक महिना," ते म्हणाले. "तारीख वाढवायचं पत्र मी लिहितो. शिव्या मी खातो. तुम्ही पुरावा आणा."

पुरावा आणायचा तर विचारायची रीत बदलायला हवी होती. आईला बाहेर पाठवून विचारणं हा पहिला उपाय. तो फसला. आई बाहेर गेली की मुलगी जास्तच सावध व्हायची, आणि आई दाराबाहेर उभी राहायची. शाहीन वैतागली. म्हणाली, "मॅडम, त्यापेक्षा आधी आईचीच तारीफ लिहून टाकू. मंग मोकळं."

ती चेष्टेत बोलली होती. मला ते पटलं. बारा प्रश्नांच्या आधी एक तेरावा प्रश्न घालायचा: बाळंतपणात आईकडून काही कमी पडलं का? त्याला गुण नाहीत. तो बेरजेत धरायचा नाही. तो फक्त मोठ्याने विचारायचा आणि उत्तर मोठ्याने लिहायचं, आईसमोर.

लातूरला मी शाहीनला घेऊन गेले. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत अश्विनी नावाची मुलगी होती. तिच्या दोन्ही भेटींची बेरीज शून्य होती आणि ती अजून माहेरीच होती. आई परातीत तांदूळ निवडत होती. आम्ही तिसऱ्यांदा आल्याचं तिला फारसं आवडलं नव्हतं.

शाहीनने लेकराचं कौतुक केलं. मग विचारलं, "ताई, आईकडून बाळंतपणात काही कमी पडलं का?"

आईचा हात परातीत थांबला.

"न्हाई," अश्विनी म्हणाली. "आईनं काहीच कमी केलं न्हाई."

"काहीच कमी केलं न्हाई," शाहीन मोठ्याने म्हणत लिहू लागली.

"लिहिलं का?" आईने विचारलं.

"लिहिलं मावशी. हे बघा, सगळ्यात वर."

"वाचा बरं."

शाहीनने वाचून दाखवलं. आईने मान हलवली आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. शाहीनने पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. तिसरा रडण्याबद्दल होता.

अश्विनीने आईकडे बघितलं. मग शाहीनच्या वहीवर वर लिहिलेल्या ओळीकडे बघितलं.

"रोज," ती म्हणाली.

"रोज?" आईने परात बाजूला ठेवली. "कवा? मला कसं न्हाई दिसलं?"

"तू पानी तापवायला जायचीस तवा."

आई मुलीकडे बघत होती, मग ती शाहीनकडे वळली. मला वाटलं, आता ती आम्हाला बाहेर काढते. तिने हळू आवाजात विचारलं, "पन ते वरचं तसंच ऱ्हाईल ना?"

"तसंच ऱ्हाईल, मावशी. हे बाळंतपनामुळं न्हाई. हा आजार हाय, कोनालाबी होतो."

"मंग इचारा," आई म्हणाली. "सारं इचारा."

अश्विनीची बेरीज मर्यादेच्या वर गेली. दुसऱ्या दिवशी आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

महिनाभर आम्ही लातूर जिल्ह्यातली जमतील तेवढी घरं पुन्हा केली. काही मुली पूर्वी म्हणाल्या तशाच ठीक होत्या, बहुतेक ठीकच होत्या. पण सगळ्या नव्हत्या. नवी प्रश्नावली घेऊन आम्ही दोन्ही जिल्ह्यांत पुन्हा पहिल्यापासून काम केलं. दोन भेटींचा मेळ लातूरच्या त्या जुन्या आकड्याइतका सुरेख आला नाही. बऱ्यापैकी आला. पण मानसोपचाराच्या डॉक्टरांनीही आधी तोच तेरावा प्रश्न विचारून स्वतंत्रपणे तपासलेल्या बायका आणि आमची बेरीज यांचा ताळा जमला, आणि मला तेच हवं होतं. जाधव सरांनी उशिरा का होईना अहवाल पाठवला. आता प्रश्नावली वापरात आहे. प्रशिक्षणात कोणीतरी नेहमी विचारतं की ज्या प्रश्नाला गुणच नाहीत तो कशाला विचारायचा, कागद वाया. शाहीन उत्तर देते. आता प्रशिक्षण तीच देते.

सारिकाच्या गोळ्या कमी होत होत बंद झाल्या. अर्धापूरला तिच्या आईला हे सगळं कधी कळलं की नाही, ते मी विचारलं नाही. ते विचारणं माझ्या कामात बसत नाही.

अहवाल जाण्याआधी एक काम मात्र उरलं होतं. लातूरच्या पहिल्या फेरीतल्या काही मुली आम्हाला पुन्हा भेटल्याच नाहीत. कोणी नवऱ्याबरोबर हैदराबादला गेली होती, कोणी पुण्याला. फोन बंद, पत्ता अर्धा. माहेरी विचारलं की आई सांगायची, "मजेत हाय." आमच्या फायलीत या मुलींच्या नावापुढे पहिल्या फेरीतलं 'ठीक' होतं. अहवालासाठी अंतिम यादी करताना आमच्या संगणकावरच्या मुलाने विचारलं, यांचं काय करायचं, जुनी नोंद धरायची का? धरली असती तर आमची संख्या मोठी दिसली असती. जाधव सर माझ्या टेबलाशी उभे होते.

"धरायची?" त्यांनी मला विचारलं.

मी त्या मुलींची नावं यादीत एकेक करून शोधली, प्रत्येकीपुढचं 'ठीक' खोडलं आणि तिथे 'माहीत नाही' लिहिलं. सरांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि सही केली.